कंगव्याचा दात

टक्.

एवढासा आवाज. पण कोणीच काही बोलत नव्हतं त्या सकाळी, त्यामुळे तो सगळ्या घरभर ऐकू गेला. खिडकीजवळच्या स्टुलावर सात वर्षांची भिंगरी डोळे घट्ट मिटून बसली होती. तिच्यामागे तिची आजी. आजीच्या हातातल्या बारीक कंगव्याचा एक दात फरशीवर पडला, दोनदा उडाला आणि टेबलाखाली जाऊन थांबला. भिंगरीच्या बाबांचा चहाचा कप तोंडापाशी तसाच राहिला. आत्याने हातातला पेपर खाली केला. ओट्यापाशी डबा भरणाऱ्या भिंगरीच्या आईने मात्र मान वळवली नाही. न बघताही तिला कळलं होतं.

"मोडला," आजी म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट एक प्रकारचं समाधान होतं. पाहुणे वेळेवर आले की होतं तसं. "आज गुरुवार. म्हणजे हाच सोमवार."

"आजी, मी नाही मोडला," भिंगरी घाईघाईने म्हणाली. "मी हललेसुद्धा नाही."

"तू नाही गं सोन्या. तुझ्या केसांनी मोडला."

या घरात, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या गल्लीत, अशी एक रीत होती. कुरळे नाहीत, सरळही नाहीत, असे लाटा लाटांचे केस घेऊन जन्मलेल्या मुलीला सहा-सात वर्षं सांभाळून घ्यायचं. मग एखाद्या सकाळी तिच्या केसांत कंगव्याचा दात मोडला, की येणाऱ्या सोमवारी तिचे केस 'सरळ करायचे'. ही रीत कोणी सुरू केली ते कोणाला ठाऊक नव्हतं. पाळत मात्र सगळ्याच होत्या. सोमवार ठरलेला होता, कारण त्या दिवशी आजीचं पार्लर बंद असायचं आणि रडण्याचा आवाज इतर गिऱ्हाइकांच्या कानी पडत नसे.

पार्लर घराच्या खालीच होतं. चाळीस वर्षांचं. आजीला गल्लीत सगळे 'बाई' म्हणत, आणि तिच्या हाताखाली काम करता करता सूनही, म्हणजे भिंगरीची आईही, 'बाई'च म्हणायला लागली होती. सुनेचं काम म्हणजे बेसिनचं. बाई केस सरळ करायचं क्रीम लावायच्या, घड्याळ लावायच्या. घड्याळ वाजलं की सून डोकी धुवायची. दिवसाला पंधरा-वीस. डोळे बांधून कोणाचंही डोकं हाती दिलं असतं, तरी तिने बोटांनी सांगितलं असतं हे कोणाचं म्हणून.

आणि म्हणूनच तिला जे ठाऊक होतं ते त्या घरात दुसऱ्या कोणाला नव्हतं. आपल्या लेकीच्या डोक्यावर एक प्रकारचे केस नाहीत, चार प्रकारचे आहेत. टाळूवरचे जाड, राठ, सुतळीच्या धाग्यासारखे. कानांच्या मागचे सैल मोठ्या लाटांचे. कानशिलावरचे बारीक, पेनातल्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले. आणि मानेवरचे इतके तलम, इतके मऊ, की भिंगरी तान्ही असताना दूध पाजता पाजता ती तासन् तास त्यांच्यावरून नुसतं बोट फिरवत बसायची. चार बहिणी एका खोलीत राहाव्यात तसे ते एका डोक्यावर राहत होते, आणि प्रत्येकीची मर्जी वेगळी होती.

रविवारी ती एकटी न्हायला घालायची तेव्हा एकही दात मोडत नसे. केस ओले असतानाच, भरपूर कंडिशनर लावून, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांपासून वर वर यायचं. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, बाबांच्या जुन्या मऊ बनियनमध्ये केस गुंडाळून ठेवायचे. वाळल्यावर कंगवा लावायचाच नाही. मग ते केस असे काही पडायचे, की भिंगरी आरशासमोर गोल गोल फिरत राही. तिचं नावच त्यावरून पडलं होतं.

पण रोज सकाळचा कंगवा बाईंचा. बारीक दातांचा, कोरड्या केसांवर, टाळूपासून खाली एका दमात. दात मोडणारच होता. तो मोडावा म्हणूनच जणू तो कंगवा केला होता.

"बाई," डब्याचं झाकण लावत सून म्हणाली, "एखादं वर्ष थांबलं तर? लहान आहे अजून."

"तू किती वर्षांची होतीस?"

"आठ."

"मग? काही झालं का तुला?" बाई हसल्या. "तुझ्या आईने हाताला धरून आणलं होतं. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून बसवलं तुला. इतर पोरी घर डोक्यावर घ्यायच्या, तू हूं की चूं केलं नाहीस. नुसते ओठ चावून बसलीस. मी तेव्हाच मनात ठेवलं होतं, की ही पोरगी आपल्या घरात हवी."

सुनेने डबा ओट्यावर ठेवला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आपल्याला पसंत केलं ते कशासाठी, हे तिला आज कळत होतं.

भिंगरीला शाळेत सोडून ती पार्लर उघडायला गेली. बेसिनची जाळी साफ करायची राहिली होती. वाटीएवढ्या त्या जाळीत केसांचा ओला गोळा अडकलेला. एरवी ती तो उचलून कचऱ्यात टाकायची. आज तिने तो पांढऱ्या टॉवेलवर पसरला आणि बोटांनी सोडवत बसली. जाड, राठ केस त्यात दोन-चारच होते. बाकी सगळे तलम. सगळे मऊ. सगळे मानेवरचे आणि कानशिलावरचे, आणि त्यांची टोकं कात्रीने कापल्यासारखी नव्हती, मेण वितळावं तशी झाली होती.

तिने परत परत पाहिलं. मग भिंतीवरच्या त्या पिवळ्या, अंड्याच्या आकाराच्या, पिळून लावायच्या घड्याळाकडे पाहिलं. बाई ते वीस मिनिटांवर लावायच्या. वीसच का? कारण टाळूवरचे हट्टी केस सरळ व्हायला वीस मिनिटं लागायची. पण क्रीम तर साऱ्या डोक्याला एकदमच फासलेलं असायचं. सुरुवातही मानेपासून व्हायची, म्हणजे जे सगळ्यांत मऊ त्यांच्यावर ते सगळ्यांत जास्त वेळ. चाळीस वर्षं बाई टाळूकडे बघत होत्या. मानेकडे कोणी बघितलंच नव्हतं. मान धुवायला यायची सुनेच्या हाताखाली, आणि ती...

ती म्हणायची, "झालं हं, झालंच." डोकं बेसिनमध्ये असलेली पोर कळवळली की हेच म्हणायचं, असं तिला बाईंनी शिकवलं होतं. हजार वेळा म्हटलं असेल तिने. इतक्या मायेने म्हणायची, की गल्लीतल्या आया मुद्दाम सांगायच्या, "आमचीला तुझ्याच हाताने धू गं."

त्या दिवशी संध्याकाळी तिने नणंदेला, म्हणजे भिंगरीच्या आत्याला, गाठलं. नणंद चोवीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. ऊन असो थंडी असो, कपाळाच्या वर चार बोटं रुंद बँड लावल्याशिवाय ती खोलीबाहेर पडत नसे.

"वन्सं, एक विचारू? रागावू नका."

"वहिनी, तुम्ही असं म्हणालात की मला आधीच राग येतो."

"तुमच्या बँडखालचं... ते कशाने झालं?"

नणंदेचा हात आपोआप कानाच्या वर गेला. "माहीत नाही का तुम्हाला? लहानपणी ताप आला होता मोठा. तापात केस गेले. घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल." मग ती उगाचच वह्यांचा गठ्ठा सारखा करत राहिली. "भिंगरीचा सोमवार ठरला ना?"

"हो."

"हं," ती म्हणाली. आणि बँड आणखी खाली ओढून घेतला.

नवऱ्याशी बोलणं झालं शनिवारी दुपारी. तो चष्म्याच्या काचा घासायच्या कामाला होता. बारीक नजरेचा माणूस, पण घरातलं काही बघायचं म्हटलं की चष्मा काढून ठेवणारा.

"आईचं चाळीस वर्षांचं काम आहे," तो म्हणाला. "तुला एका जाळीवरून कळलं?"

"अहो, तुम्ही एका डोळ्याचा नंबर दुसऱ्या डोळ्याला लावता का?"

"नाही."

"मग एकाच डोक्यावर चार तऱ्हेचे केस असले, तर सगळ्यांना एकच वेळ कशी लावायची?"

 तिचं म्हणणं पटलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पटूनही तो उठला आणि म्हणाला, "मला मधे नको ओढूस. तुमचं बायकांचं आहे ते."

रविवार आला. आईने भिंगरीला न्हायला घातलं. बनियन सोडल्यावर केस मोकळे झाले आणि भिंगरी नेहमीसारखी आरशासमोर फिरली, पण दोनच गिरक्या घेऊन थांबली.

"आई, उद्या माझ्या लाटा कुठे जाणार?"

"बस इकडे जरा," एवढंच ती म्हणाली. आणि शिवणाच्या छोट्या कात्रीने तिने लेकीच्या डोक्यावरच्या चार जागांहून चार बटा कापल्या, करंगळीच्या नखाएवढ्या जाडीच्या. टाळूच्या बटेला काळा दोरा बांधला, कानामागच्या बटेला निळा, कानशिलाच्या बटेला हिरवा, मानेच्या बटेला लाल. काचेच्या बशीत त्या ओळीने ठेवल्या. काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक नव्हतं. पण हातात काहीतरी असल्याशिवाय बाईंपुढे उभं राहता येणार नाही, हे ठाऊक होतं.

सोमवारी दहा वाजता पार्लरचं शटर अर्धं खाली होतं. खालून उजेडाची एक पट्टी आत आली होती आणि बाकीची खोली मळभ दाटल्यासारखी करडी दिसत होती. खुर्चीच्या दोन हातांवर फळी, फळीवर भिंगरी, गळ्याभोवती प्लॅस्टिकचा काळा कपडा. त्यातून नुसतं डोकं बाहेर. बाईंनी डब्याचं झाकण उघडलं तसा तो वास पसरला. नाकात शिरून डोळ्यांमागे जाऊन बसणारा वास. नणंद आज कामावर गेली नव्हती. दारापाशी हाताची घडी घालून उभी होती.

सुनेने बशी पुढे केली. "बाई, आधी यांना लावा. यांचं काय होतं ते बघू. मग हिला."

"हे काय नवीन?" बाईंनी बशीत डोकावून पाहिलं. "केसांची परीक्षा घेतेस की माझी?"

"केसांचीच. हे टाळूचे, हे मानेचे. सारखे नाहीत ते. तुमचं घड्याळ टाळूचं आहे बाई. मानेचं नाही."

क्षणभर बाईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. पण चाळीस वर्षांची सवय तशी एका वाक्याने हलत नाही. "ऐक," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "मला हौस आहे का पोरीला रडवायची? माझे केस असेच होते. नोकरी मागायला गेले तिथल्या माणसाने माझ्याकडे न बघता केसांकडे बघितलं आणि म्हणाला, विंचरून उद्या ये. मी विंचरूनच गेले होते. तेव्हा समजले, की कुठल्याही दारातून आधी केस आत जातात आणि मागून माणूस. हिचं तसं व्हायला नको. बस्स."

"मग त्या माणसाला काहीच नाही बोललात?"

"त्याला काय बोलणार?" बाईंनी हातमोजे चढवले. "लाव तुझ्या बशीला. मी हिला लावते. दोन्ही एकदमच होऊ दे, वेळ कशाला घालवायचा."

बाईंनी घड्याळ पिळलं. टिकटिक सुरू झाली. सुनेने ब्रशने बशीतल्या चार बटांवर क्रीम ओढलं आणि मान वर केली, तोवर बाईंनी भिंगरीचे केस वर उचलून पहिला फटकारा मानेवर मारलासुद्धा होता.

भिंगरी गप्प होती. ओठ चावून.

दोन मिनिटं गेली. तीन. बाईंचा हात मानेवरून वर वर सरकत होता. सुनेची नजर बशीवरून मुलीकडे आणि मुलीवरून बशीकडे धावत होती. लाल दोऱ्याची बट चपटी होत चालली होती, वाळूत पाणी जिरावं तशी.

"आई," भिंगरी अगदी हळू म्हणाली, "मागे गरम लागतंय."

आणि तिच्या आईचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या सवयीने, आपोआप, इतक्या मायेने, की शब्द अर्धे बाहेर आले. "झालं हं, झा..."

तिचं तिलाच ते ऐकू आलं.

पुढे काय झालं ते सगळं एका दमात झालं. तिने काळा कपडा ओढून काढला, मुलीला फळीवरून उचललं आणि बेसिनपाशी नेलं. बाई ओरडल्या, "अगं, वेळ व्हायचीय अजून!" तिने नळ पुरता सोडला. चोळलं नाही, घासलं नाही, नुसतं पाणी, थंड पाणी, ओंजळीमागून ओंजळ. स्वतःची बाही, स्वतःची छाती भिजली. क्रीम पांढऱ्या धारांनी वाहून जात होतं.

"थांब म्हणते ना! अर्ध्यात धुतलं तर केस ना इकडचे राहतील ना तिकडचे!"

"नाही थांबणार," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या मुलीचे केस सरळ होणार नाहीत. आज नाही आणि कधीच नाही."

बाई तिच्याकडे यायला निघाल्या. मधे नणंद उभी राहिली.

"बाजूला हो."

"आई, आधी हे बघ." नणंदेने बँड काढला.

कानाच्या वर तळहाताएवढी जागा. गुळगुळीत, चकचकीत, एकही केस नसलेली. बाईंनी मान फिरवली. "झाकून घे ते. तापातलं ते."

"कुठल्या तापातलं?"

"तुला आला नव्हता का? चार दिवस फणफणत होतीस. मी उशाशी बसून होते..."

"आई, ताप नंतर आला." नणंद म्हणाली. "सोमवारी क्रीम लागलं. मंगळवारी कातडं सोललं. बुधवारी ताप आला. मी सात वर्षांची होते, पण मला वार कळत होते. तू ताप ताप म्हणत राहिलीस, मग मीही म्हणायला लागले. सोपं होतं ते. तुलाही आणि मलाही."

टिकटिक, टिकटिक.  बाई मागे सरकल्या आणि फळीच्या खुर्चीला हात लावून उभ्या राहिल्या.

ठरलेल्या वीस मिनिटांनी घड्याळ किणकिणलं. तोवर भिंगरीची मान थंड ओल्या कापडाखाली होती. केसांच्या मुळाशी नाण्याएवढा लाल डाग उठला होता, पण कातडं शाबूत होतं. बाईंनी कोणी न सांगता हातमोजा घातलेल्या बोटाने बशीतली काळ्या दोऱ्याची बट उचलली. तिची लाट अजून पुरती गेलेली नव्हती. निळी सरळ झाली होती. हिरवी उचलली, ती ताणल्या ताणल्या तुटली. मग त्यांनी लाल दोरा उचलला.

दोरा तेवढा वर आला. त्यात काही नव्हतं. बशीत करड्या लुगदीचा एक ओघळ राहिला होता.

बाई त्या रिकाम्या गाठीकडे बघत राहिल्या.  मग त्यांनी मुलीकडे, स्वतःच्या मुलीकडे पाहिलं, आणि हात अर्धवट पुढे केला. नणंद हलली नाही. मागेही गेली नाही.

"पुढच्या सोमवारी दोघी आहेत," शेवटी बाई म्हणाल्या. आवाज कुठून तरी खोलातून येत होता. "कोपऱ्यावरच्या शिंपिणीची, आणि त्या पोस्टमनची धाकटी. त्यांच्या आयांना काय सांगू मी?"

"मी सांगते," सून म्हणाली. "ही बशी घेऊन जाते."

नणंदेने शटर पूर्ण वर केलं. उजेड एकदम आत आला, तशी बाईंनी डोळ्यांवर हात घेतला.

दुपारी वरच्या खोलीत भिंगरी पालथी झोपली होती, मानेवर मलम, केस बनियनमध्ये. डॉक्टरांकडे जाऊन आले होते. थोडक्यात वाचली म्हणाले. तिचे बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते आणि पायाशी बसले होते.  आज चष्मा मात्र डोळ्यांवर होता.

तिची आई उशाशी बसून बनियनमधून सुटलेली एक बट बोटावर घेत होती. स्वतःच्या डोक्याला तिने हात लावून पाहिला. मुळाशी बोटाच्या पेराएवढे नवे केस वाढले होते. बोटाखाली काहीतरी वळत होतं. आठव्या वर्षापासून नवे केस उगवले, की तेही सरळ केले जायचे. पुढे ते कुठे वळतील, कसे पडतील, तिला आता पाहायचं होतं. पहिल्यांदाच तिला जरा हलकं वाटलं. बशी टेबलावर झाकून ठेवली होती. ऊन उतरलं की शिंपिणीकडे जायचं, मग पोस्टमनकडे, मग गल्लीतल्या प्रत्येक दारात.

"आई," भिंगरी उशीत तोंड ठेवूनच म्हणाली.

"बोल राणी."

"माझ्या बाकावर बसते ना, ती? मागच्या महिन्यात तिचा सोमवार होता. आता ती वर्गातसुद्धा टोपी काढत नाही. मुलं ओढतात टोपी."

बोटावरची बट तशीच राहिली.

"ती म्हणाली, तिलापण खूप गरम लागत होतं. तिने तुला सांगितलं. तू म्हणालीस, झालं हं, झालंच." भिंगरीने मान वळवली. डोळे अगदी स्वच्छ होते, त्यांत राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. "आई, तिचे तू लगेच का नाही धुतलेस?"